आग लागल्यावरची पहिली दोन मिनिटे



कापडाच्या धंद्यात माणूस भाव, उधारी आणि सीझन यांचा हिशेब रात्रंदिवस करीत असतो. परंतु ज्या एका गोष्टीने वीस वर्षांची कमाई वीस मिनिटांत राख होते, तिचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. ती गोष्ट म्हणजे आग. आम्हीही करीत नव्हतो. २००९ सालच्या मे महिन्यात आमच्यावर जी वेळ आली ती आली नसती, तर हा लेख लिहिण्याची बुद्धीही आम्हाला झाली नसती.

जळगावात आमचे दुकान आहे आणि मागच्या गल्लीत गोदाम. धुळे-मालेगावचा यंत्रमागाचा माल आणि सुरतेच्या साड्या तेथे उतरतात. लग्नसराईमुळे त्या महिन्यात गोदाम छतापर्यंत भरले होते. चोरीच्या भीतीने आमच्याकडील अठरा वर्षांचा एक पोरगा राखणीसाठी आत झोपायचा, आणि आम्ही बाहेरून शटरला कुलूप घालून चावी घरी नेत असू. बाजारात अनेकांची हीच पद्धत होती. त्यात काही गैर आहे असे आमच्या मनातही कधी आले नाही.

एका रात्री दीडच्या सुमारास पंख्याच्या जुन्या बोर्डातून ठिणगी उडाली आणि खालच्या साड्यांच्या गठ्ठ्याने पेट घेतला. पोरगा जागा झाला. भिंतीवर अग्निशामक सिलिंडर टांगलेला होता, पण त्याच्यापुढे ठाणांची थप्पी छातीपर्यंत लागलेली. त्याने कसाबसा सिलिंडर ओढून काढला. दाबला तर नुसता फुस्स आवाज आला आणि चिमूटभर पावडर खाली पडली. काटा केव्हाचा लाल भागात जाऊन बसला होता, पण तो पाहणार कोण? मग त्याने शटर बडवायला सुरुवात केली. समोरच्या चहावाल्या चाचांनी तो आवाज ऐकला आणि पहारीने कुलूप तोडले. आम्ही घरून चावी घेऊन पोहोचलो तेव्हा पोरगा ओट्यावर बसून काळे थुंकत होता. निम्मा माल जळाला आणि उरलेला पाण्याने गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. ती भांडली नाही, रडली नाही. तिने एवढेच विचारले, "सेठ, चाबी किसके पास थी?" आमच्याकडे उत्तर नव्हते. मालाचे नुकसान आम्ही चार वर्षांत भरून काढले. तो प्रश्न मात्र अजून उभा आहे.

त्यानंतर अग्निशमन दलाच्या जवानांकडून, वायरमनकडून आणि स्वतःच्या चुकांवरून जे काही शिकलो, ते आपल्या बंधूंपुढे ठेवीत आहोत. यात नवे शास्त्र काही नाही. परंतु जे सर्वांना माहीत असते असे आपण समजतो, तेच ऐन वेळी कोणाला माहीत नसते.

आधी कुलूप, मग सिलिंडर

आगीच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. अलीकडच्या वर्षांतील तीन बातम्या मात्र कापड व शिलाईच्या धंद्यातील प्रत्येकाने थांबून वाचाव्यात.

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे औरंगाबाद अर्थात छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनविणाऱ्या कारखान्याला आग लागली. कामगार आतच झोपलेले होते. त्यांपैकी ६ जण दगावले.

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे त्याच शहरातील छावणी भागात एका शिलाईच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील ७ जणांचा मृत्यू झाला. आग त्यांच्या खोलीपर्यंत पोहोचलीच नव्हती, धुराने ते गुदमरले, असे त्या वेळी पोलिसांनी सांगितले.

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. तेथेच राहणारे मालक, त्यांचे कुटुंबीय आणि कामगार मिळून ८ जण गेले. त्यांत दीड वर्षाचे एक मूलही होते.

तिन्ही घटना पहाटेच्या आहेत. तिन्ही ठिकाणी माल सुताचा किंवा कापडाचा, आणि माणसे कामाच्या जागेतच किंवा तिच्या वर झोपलेली. आपल्या खानदेशात तरी वेगळे काय आहे? धुळ्याच्या मोहल्ल्यांत खाली माग आणि वर घर. जळगावात खाली दुकान, पोटमाळ्यावर माल, आणि मालाच्या कडेला झोपलेले पोरगे.

ज्वालेपेक्षा धूर आधी मारतो, हे पक्के ध्यानात ठेवावे. कापड अर्धवट जळते तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस त्या झोपेतून उठतच नाही. नायलॉन व पॉलिस्टरच्या मालाचा धूर तर फार काळा आणि घट्ट असतो. एक-दोन मिनिटांत खोलीत स्वतःचा हात दिसेनासा होतो.

म्हणून पहिला नियम असा, की आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावायचे नाही. चोरीची भीती असेल तर आतून उघडणारी कडी बसवावी किंवा शटरमध्ये छोटा दरवाजा ठेवावा. एक चावी आतल्या माणसाजवळ आणि एक शेजाऱ्याकडे असावी. विजेवर चालणारे शटर असेल तर वीज गेल्यावर हाताने उघडण्याची साखळी चालू स्थितीत हवी, आणि ती ओढता येणारा माणूस आत हवा. खिडकीला लोखंडी गज असतील तर निदान एक जाळी आतून उघडणारी करावी. शक्य असेल तर मालाच्या जागेत कोणाला झोपवूच नये. झोपावे लागतेच असेल तर धूर झाल्याबरोबर वाजणारी बॅटरीची छोटी घंटी बाजारात मिळते. एका चांगल्या साडीच्या किमतीत ती येते.

आग कशाने जगते

आगीला तीन गोष्टी लागतात: जळणारी वस्तू, उष्णता आणि हवेतील प्राणवायू. यांपैकी एक काढून घेतली की आग मरते. पाणी उष्णता काढते. ओले पोते किंवा वाळू हवा तोडते. जळणाऱ्या थप्पीशेजारचा माल बाजूला ओढला तर आगीचे खाणे तुटते. अनेक सिलिंडर या तत्त्वांवर चालतात.

परंतु सर्व आगी सारख्या नसतात. त्यांचे प्रकार अक्षरांनी ओळखले जातात. कापड, कापूस, लाकूड, कागद यांची आग ती 'ए'. पेट्रोल, रॉकेल, थिनर, ऑइल यांची 'बी'. गॅसची 'सी'. काही धातूंची 'डी', आणि कढईतील तेला-तुपाची 'एफ'. वीज हा आपल्याकडे वेगळा प्रकार मानत नाहीत. वीज बंद केली की मागे उरते ती जळणाऱ्या वस्तूची आग.

कोणत्या आगीला कोणते साधन

पाणी : कापूस व कापडासाठी सर्वांत उत्तम, कारण ते आत मुरते आणि थंड करते. मात्र मेन स्विच बंद केल्याशिवाय पाणी मारायचे नाही, आणि तेलाच्या आगीवर तर कधीच नाही. उकळत्या तेलात पाणी पडले की त्याची क्षणात वाफ होते आणि पेटलेले तेल चहूकडे उडते. कढईवर घट्ट झाकण ठेवावे, गॅस बंद करावा आणि कढई हलवू नये.

एबीसी पावडर : दुकान-कारखान्यात हाच सिलिंडर सर्वाधिक दिसतो. नावाप्रमाणे तो ए, बी आणि सी तिन्ही आगींवर चालतो. ज्वाला पटकन बसते. परंतु पावडर थंड करीत नाही. कापडाच्या थप्पीत किंवा कापसाच्या ढिगात निखारा आत राहिला तर आग दहा मिनिटांनी पुन्हा उठते. म्हणून कापडवाल्यांनी पावडरवर थांबू नये. आधी पावडर, मग वीज बंद आहे याची खात्री, आणि मग भरपूर पाणी, हा क्रम ठेवावा.

कार्बन डायऑक्साइड : मीटर, पॅनेल आणि कॉम्प्युटर यांच्यासाठी हा चांगला, कारण मागे काही घाण राहत नाही. कापसाच्या आगीत मात्र उपयोग थोडा. याचा भोंगा हाताने धरू नये, गॅस इतका थंड असतो की कातडी भाजल्यासारखी होते. बंद छोट्या खोलीत वापरला तर लगेच बाहेर यावे, तो वायू श्वास कोंडतो.

वाळूची बादली : सांडलेल्या ऑइलवर व थिनरवर उपयोगी. पण तिच्यात विड्यांची थोटके आणि पानाच्या पिचकाऱ्या असता कामा नयेत. बहुतेक ठिकाणी वाळूपेक्षा तेच जास्त असते.

सिलिंडर कसा चालवावा

सिलिंडरवरच्या सूचना अनेकदा इंग्रजीत असतात. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, आमच्या पोराचे चौथीपर्यंत. त्या रात्री सूचना कोण वाचणार होते? म्हणून आता आम्ही प्रत्येक सिलिंडरशेजारी मोठ्या अक्षरांत उर्दू व मराठीत पुढील चार गोष्टी लिहून चिकटवल्या आहेत. आपणही तसे करावे.

१. पिन ओढा. दांड्याच्या वर कडी असलेली पिन असते. तिचे प्लास्टिकचे सील ओढल्याबरोबर तुटते. पिन ओढताना दांडा दाबू नका, नाहीतर पिन अडकते.

२. नळी आगीच्या मुळाशी रोखा. ज्वालेच्या टोकावर मारलेली पावडर हवेत जाते. जळणारी वस्तू जेथे आहे तेथे, खाली, नेम धरा.

३. दांडा दाबा. सोडला की मारा थांबतो, पुन्हा दाबला की सुरू होतो.

४. झाडू मारल्यासारखी नळी डावीकडून उजवीकडे फिरवा आणि आग मागे सरेल तसे पुढे सरका.

साधारण दोन ते तीन मीटर अंतरावरून सुरुवात करावी. उघड्यावर असाल तर वारा पाठीकडून असावा. आत असाल तर दरवाजा पाठीमागे असावा, म्हणजे परतीची वाट आपली असते. आग आणि दरवाजा यांच्यामध्ये आपण उभे राहायचे. आपल्या आणि दरवाज्याच्या मध्ये आग येऊ द्यायची नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट वेळेची. चार-सहा किलोचा सिलिंडर पाच-दहा मिनिटे चालतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो साधारण दहा ते वीस सेकंदांत रिकामा होतो. आपण तीनदा श्वास घेतो तेवढ्यात निम्मा संपलेला असतो. म्हणून घाबरून दुरून उडवू नये.

केव्हा लढू नये

सिलिंडर हे सुरुवातीच्या आगीचे औषध आहे. कचऱ्याच्या पेटीएवढी आग असेल तर लढावे. पुढील वेळी मात्र सिलिंडर टाकून बाहेर पडावे:

आग कमरेच्या वर गेली असेल. छताखाली धूर साचून खाली उतरू लागला असेल. बाहेर जाण्याची वाट धोक्यात असेल. एक सिलिंडर संपूनही आग बसली नसेल. आत गॅसचे सिलिंडर किंवा थिनरचे डबे असतील. अथवा नेमके काय जळत आहे हेच कळत नसेल.

शोभेच्या दारूची किंवा तशा पावडरची जागा असेल तर एक क्षणही थांबू नये. १८ एप्रिल २०२३ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, जैताणे परिसरात, वाढदिवसाला लावतात त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्यांच्या कारखान्याला आग लागून किमान ४ महिलांचा जीव गेला. असा माल भडकतो तेव्हा हातात साधन घेण्याएवढी सवड नसते. तेथे थोडाच माल जवळ ठेवणे आणि दरवाजा मोकळा ठेवणे, हाच बचाव.

बाहेर पडताना धूर असेल तर वाकून, गरज पडल्यास रांगत जावे. जमिनीजवळ हवा बरी असते. बंद दरवाजा उघडण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने चाचपावा, गरम लागला तर तो उघडू नये. शक्य असेल तर मागचा दरवाजा ओढून घ्यावा, त्याने आगीला हवा कमी मिळते. आणि गल्ल्यासाठी, वहीसाठी, मोबाइलसाठी परत आत जाऊ नये. उधारीची वही पुन्हा लिहिता येते.

कापसाची आग लपते

खानदेशात जिन-प्रेसचा धंदा मोठा आहे, म्हणून कापसाबद्दल वेगळे लिहितो. कापसाची आग गाठीच्या पोटात जाऊन बसते. वरून विझलेली गाठ आत तासन् तास, कधी काही दिवस धुमसत राहते. विझविलेली गाठ किंवा ठाणांची थप्पी पुन्हा मालात कधीही लावू नये. ती उघड्यावर न्यावी, फोडावी, मोकळी करावी, पाण्याने चिंब करावी आणि निदान एक दिवस तिच्यावर माणूस ठेवावा.

या दुर्लक्षाची सर्वांत मोठी किंमत मुंबईने मोजली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याच सोबत कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारी कापसातून धूर दिसू लागला. शेकडो टन पाणी आत सोडले, तरी आगीचे मूळ सापडेना. चार वाजून गेल्यावर जहाज फुटले. शेकडो माणसे मेली, गोदीचा भाग उद्ध्वस्त झाला. विझविण्यासाठी गेलेले ६६ अग्निशमन कर्मचारी त्यात कामी आले. त्यांच्या आठवणीसाठीच दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. कापसाची एक धुमसणारी गाठ काय करू शकते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण नाही.

आपल्या धंद्यातील आगीची मुळे

आमच्या अनुभवात बहुतेक आगींचे मूळ विजेत निघते. भार वाढत जातो आणि वायर तीच जुनी राहते. एका बोर्डावर पंखा, कूलर, इस्त्री आणि वर एक्स्टेन्शन. फ्यूज उडू नये म्हणून त्यात जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याचे डोळे बांधणे आहे. एमसीबी वारंवार पडत असेल तर ती बदलून मोठी बसवू नये, कारण शोधावे. गळती पकडणारा ईएलसीबी बसवून घ्यावा. बोर्ड गरम लागणे, जळका वास, दिवा मिणमिणणे ही आगीची आधी आलेली चिठ्ठी असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, कूलर रात्रंदिवस चालतात. तेव्हा मार्चमध्येच वायरमनकडून एकदा सर्व तपासून घ्यावे.

रात्री दुकान वाढविताना मेन स्विच बंद करण्याची सवय ठेवावी. सीसीटीव्हीसाठी वेगळी लाइन घ्यावी, म्हणजे बाकी सर्व बंद करता येते. ई-स्कूटर किंवा तिची बॅटरी मालाच्या जागेत, जिन्याखाली किंवा झोपण्याच्या खोलीत रात्रभर चार्जिंगला लावू नये.

मागाच्या कारखान्यात मोटारीवर, बेल्टवर आणि छताच्या पट्ट्यांवर कापसाचा भुरका साचतो. एक ठिणगी पडली की तो दारूसारखा धावतो आणि आग या टोकापासून त्या टोकाला पोहोचते. रोज पाळी संपल्यावर झाडलोट करावी. ऑइलने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात ठेवू नये. काही तेले, विशेषतः रंगकामातील अळशीचे तेल, चिंधीत मुरले की चिंधी आपोआप तापून पेट घेते. अशा चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात आणि रोज बाहेर काढाव्यात.

जिनमध्ये कापसासोबत आलेला खिळा किंवा खडा यंत्रात आपटून ठिणगी पडते. कापूस निवडतानाच काळजी घ्यावी. विडी-सिगारेटसाठी दूर एक जागा ठरवून द्यावी. नुसती मनाई केली तर माणूस गाठींच्या आडोशाला जाऊन ओढतो, आणि तीच जागा सर्वांत वाईट.

रमजान-ईद, दिवाळी आणि लग्नसराई या तीन वेळी धोका दुप्पट होतो. माल दुप्पट, दिव्यांच्या माळा, रात्री उशिरापर्यंत दुकान, आणि जिन्यात-वाटेत रचलेले गठ्ठे. त्या दिवसांत जिना आणि दरवाजा रिकामा ठेवणे हीच खरी शिस्त.

देखभाल आणि कायदा

सिलिंडर दरवाज्याजवळ, हात पोहोचेल अशा उंचीवर, समोर काही न रचता लावावा. कोठूनही १५ मीटर, म्हणजे सुमारे ५० फुटांच्या आत तो हाताशी यावा. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही चार गोष्टी पाहतो: काटा हिरव्या भागात आहे का, सील शाबूत आहे का, नळीत किड्याचे घर तर नाही ना, आणि पत्र्याला गंज तर नाही ना. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला साधारणपणे काटा नसतो, तो वजन करून तपासावा लागतो. एकदा थोडासाही वापरलेला सिलिंडर पुन्हा भरूनच टांगावा. पावडर झडपेत अडकते आणि दाब हळूहळू निघून जातो. पावडरच्या सिलिंडरची दाबाची चाचणी दर ३ वर्षांनी आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची दर ५ वर्षांनी करून घ्यावी. नुसती नवी चिठ्ठी चिकटवून जाणारे महाभागही असतात. समोर उभे राहून काम करून घ्यावे. आयएसआय मार्क पाहिल्याशिवाय माल घेऊ नये.

'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' या कायद्याने ही जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. भाडेकरू व्यापारीही त्यात येतो. ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांनी दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे असते. आपल्या जागेला काय लागू आहे हे महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या अग्निशमन विभागात जाऊन विचारावे. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्या काळात जवान प्रात्यक्षिके दाखवितात, आपल्या कारागिरांना तेथे जरूर न्यावे.

सराव

२२ जानेवारी २०२५ रोजी आपल्याच जळगाव जिल्ह्यात, पाचोरा तालुक्यात, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. लोकांनी रुळांवर उड्या टाकल्या आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान १२ जण गेले. आग नव्हतीच. गोंधळच लोकांना घेऊन गेला.

म्हणून वर्षातून निदान दोनदा पंधरा मिनिटे काम थांबवून सराव करावा. कामे आधी वाटून द्यावीत: ओरडून सर्वांना सांगणारा एक, मेन स्विच पाडणारा एक, १०१ किंवा ११२ वर फोन करणारा एक, सिलिंडर घेणारा एक, आणि बाहेर ठरलेल्या जागी माणसे मोजणारा एक. फोनवर गल्ली, जवळची खूण आणि काय जळते आहे हे सांगावे, समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवू नये, आणि गाडीला वाट दाखवायला एकाने चौकात उभे राहावे. मुदत संपत आलेला सिलिंडर भरायला देण्यापूर्वी मोकळ्या मैदानात पोरांच्या हातून उडवून घ्यावा. खर्च वेगळा काही नाही, आणि हात एकदा बसला की विसरत नाही.

कोणाचे कपडे पेटले तर त्याला पळू देऊ नये. थांबवावे, खाली झोपवावे, लोळवावे, जाड सुती चादर किंवा घोंगडे टाकावे. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटले असेल तर ओढू नये, पाणी सोडून १०८ ची गाडी बोलवावी.

बंधूंनो, शेवटी एवढेच सांगणे आहे. हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी आज रात्री दुकान वाढविताना तीन गोष्टी पाहा: सिलिंडरचा काटा कोठे आहे, त्याच्यापुढे काय रचले आहे, आणि आत झोपणाऱ्याजवळ चावी आहे का.

आमचा तो पोरगा आता स्वतः दोन मुलांचा बाप आहे. आमच्याच दुकानात हिशेब पाहतो. गोदामाची चावी त्याच्या खिशात असते. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सिलिंडरचा काटा पाहायला तो जातो, आणि आल्यावर सांगतो, "सेठ, हिरवा आहे." ते ऐकल्याशिवाय त्या दिवशी आम्हाला जेवण जात नाही.